८ तासांत २०० किलोमीटर: मराठवाड्यातल्या सायकलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टोळक्यात दर हिवाळ्यात चार-पाच नवे गडी येतात. पहिल्या महिन्यात वेरूळ करतात, दुसऱ्यात पैठण, आणि तिसऱ्यात कुणीतरी हळूच विचारतो, "दादा, दोनशे आठ तासांत होतील का?" पाठोपाठचे प्रश्नही दरवर्षी तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी काही प्रशिक्षक नाही. छत्रपती संभाजीनगरात नोकरी करणारा, ४६ वर्षांचा, ७२ किलोचा माणूस आहे. तिसऱ्या प्रयत्नात २०० किलोमीटर ७ तास ५२ मिनिटांत झाले. आधीचे दोन फसले, आणि खालचं बरंचसं त्या फसलेल्यांतूनच आलंय.

८ तासांत २०० म्हणजे ताशी २५. त्यात एवढं काय अवघड?

मीटरवर २५ चा आकडा दिसणं अवघड नाहीच. पण सायकलवाल्याच्या सरासऱ्या दोन असतात. एक, चाक फिरत असतानाची. आपण थांबलो की मीटरही थांबतो, त्यामुळे ही सरासरी नेहमी आपली बाजू घेते. दुसरी घड्याळाची. चहा, लघवी, पंक्चर, रेल्वे फाटक, फोटो, सगळं तिच्यात धरलेलं असतं. ८ तास म्हणजे घड्याळाचे ८ तास.

आता हिशोब करा. एकूण ४० मिनिटं थांबलात तर चालत्या सायकलची सरासरी २७.३ लागते. दीड तास थांबलात तर तीच ३०.८ होते. २७ आणि ३१ मध्ये कागदावर चारच आकडे आहेत, पायांना मात्र तो वेगळाच खेळ आहे. ज्याला २७ जमतं त्याला ३१ साठी आणखी दोन हिवाळे घालवावे लागतील. थांबे कमी करायला एक रविवार पुरतो.

बीआरएममध्ये २०० ला साडेतेरा तास मिळतात. मग घाई कशाला?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची सायकलफेरी. ही शर्यत नाही, तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. ती चालवणाऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबच्या नियमाप्रमाणे २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास असतात. एकाच मोसमात चारही केल्या की 'सुपर रँदोन्यूर' म्हणतात. पहिली बीआरएम करताय तर वेळेचा विचार डोक्यातून काढा आणि वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर मिळणारे शिक्के पूर्ण करा.

घाईचं माझं कारण आपल्या भागातलं आहे. पहाटे ५ ला निघून दुपारी १ ला घरी पोचलं की ऊन डोक्यावर बसायच्या आत मोकळे. साडेतेरा तास धरून चाललात तर दुपारची १२ ते ४ ही वेळ उघड्या डांबरावर काढावी लागते, आणि आपल्याकडे फेब्रुवारी संपत आला की सावलीला उभं राहायचं तर मैलभर झाड नसतं. संध्याकाळी अंधार पडला की उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्याविषयी खाली येईलच.

मी ४० किलोमीटर २९ च्या सरासरीनं मारतो. २०० ला २५ तर सहज पडेल ना?

नाही. ४० किलोमीटर माणूस अंगातल्या साठ्यावर मारतो. स्नायू आणि यकृतातली साखर दोन-अडीच तासांच्या जोरकस कामाला पुरते, त्यानंतर वरून भरलेल्यावर गाडी चालते. शिवाय वेगाचं गणित सरळ नाही. हवेला रेटायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. २५ वरून ३० वर गेलात तर वेग २० टक्के वाढला, पण हवेसाठी खर्च होणारी ताकद सुमारे पावणेदोनपट झाली. सकाळच्या थंडीत, ताज्या पायांनी ३२ नं निघालेला गडी हे कर्ज काढतो आणि ते दुपारी फेडतो.

माझी ओळखीची खूण एवढीच: पहिले ६० किलोमीटर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. नुसतं "हं", "हो" निघायला लागलं की गिअर एक खाली.

थांबे कमी करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

माझा दुसरा प्रयत्न सांगतो. घरी येऊन घड्याळातली नोंद उघडली तर चालत्या सायकलची सरासरी २८.२ होती. एकदम खूष. आणि एकूण वेळ ८ तास ५१ मिनिटं. मग एकेक थांबा काढला. आडूळला चहा, १७ मिनिटं. पाचोडला मोसंबीचा ज्यूस आणि त्याचा फोटो, १९. गेवराईत नाश्ता, ३८. त्यातली निम्मी मिनिटं मिसळ यायची वाट बघण्यात गेली. शहागडच्या पुलावर गोदावरी बघत, ११. परत पाचोड, "जरा टेकू" म्हणून, २१. बेरीज १ तास ४६ मिनिटं. कुठेही "आपण फार थांबलो" असं वाटलं नव्हतं.

पुढच्या वेळी चालती सरासरी २७.२ होती, म्हणजे आधीपेक्षा किलोमीटरभर कमीच. थांबे मिळून ३१ मिनिटं. एकूण ७ तास ५२. पाय हळू चालले आणि गडी ५९ मिनिटं आधी घरी आला.

केलं ते इतकंच. पुढच्या नळीवर छोटी पिशवी लावली, म्हणजे खाणं चालत्या सायकलवर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या फ्रेमवर, तिसरी पाठीच्या खिशात. थांबे आधीच ठरवले: साधारण ७० वर, वळणाच्या ठिकाणी आणि १४० वर. थांबायच्या आधी एक किलोमीटर मोठ्यानं म्हणायचं, "पाणी, मीठ, मोकळं होणं." तीन कामं झाली की निघायचं. टोपी काढायची नाही, हातमोजे काढायचे नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खुर्चीवर बसायचं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीइतकी वेळखाऊ वस्तू हायवेवर दुसरी नाही.

बीआरएममध्ये असाल तर शिक्क्याच्या ठिकाणी कार्ड आधीच हातात ठेवा. जिथे एटीएमची पावती पुरावा म्हणून लागते तिथे कार्ड पाकिटात, पाकीट पिशवीत, पिशवी सीटखाली, असं असेल तर ५ मिनिटं तिथेच गेली.

पण मोठमोठे सायकलपटू तर झोपतात, जेवतात. त्यांचं कसं जमतं?

त्यांचीही घड्याळाची सरासरी पाहा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत १८९१ मध्ये पहिल्यांदा झाली. ती जिंकणाऱ्या शार्ल तेराँला ७१ तासांहून थोडा जास्त वेळ लागला. म्हणजे ताशी १७ सुद्धा नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाणारी 'रॅम' साधारण ४८०० किलोमीटरची असते आणि एकट्यानं करणाऱ्याला १२ दिवसांची मर्यादा. नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्यानं पूर्ण केली. भागाकार करा, ताशी १७ च्या आसपासच येतो. रस्त्यावर ही माणसं आपल्यापेक्षा खूप वेगात असतात, पण मर्यादेत बसवतं ते कमीत कमी उतरणं.

वाऱ्याचं काय करायचं?

काही करता येत नाही, फक्त आधी ओळखायचा. उन्हाळा आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून. जालन्याच्या दिशेला जाताना वाटतं, आज आपण काय फॉर्मात आहोत! ती पाठीला लागलेल्या वाऱ्याची कमाल असते, आणि परत फिरलं की तोच वारा छातीवर हात ठेवून उभा.

इथे बहुतेक जण गणितात फसतात. जाताना ३० आणि येताना २० पडले तर सरासरी २५ होत नाही, २४ होते. १०० किलोमीटर ३० नं म्हणजे ३ तास २० मिनिटं, २० नं म्हणजे ५ तास. एकूण ८ तास २० मिनिटं. हळू चाललेला भाग जास्त वेळ खातो, त्यामुळे वाऱ्यानं जे दिलं त्यापेक्षा जास्तच परत घेतलं जातं. म्हणून ताकद राखायची ती उलट्या वाऱ्यासाठी. पाठीच्या वाऱ्यावर पाय सैल सोडा, समोरच्या वाऱ्यात हँडलवर खाली वाका आणि मीटरकडे बघणं बंद करा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहाटे वारा पडलेला असतो, दहा-अकराच्या पुढे जागा होतो. लवकर निघायचं हे आणखी एक कारण.

रस्ता कोणता घ्यावा?

संभाजीनगरकरांसाठी सोलापूर हायवे: आडूळ, पाचोड, शहागड, गेवराई, आणि गेवराईच्या आसपास वळून परत. मोजून वळा, बाह्यवळणांमुळे आकडा थोडा हलतो. जाताना गोदावरीपर्यंत एकंदरीत उतार आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतो. परतताना तोच चढ होतो, म्हणून पहिल्या शंभरला बरोबर ४ तास लागले असतील तर समजा उशीर झालाय. माझे ३ तास ४४ मिनिटांत झाले होते.

बीडकरांना तुळजापूरची ओढ असते. जरूर जा, पण मांजरसुंब्याचा घाट आणि बालाघाटाचे चढउतार धरले तर तो वेगाचा रस्ता नाही. परभणी-नांदेडकडे गोदाकाठी जमीन सपाट आहे, तिथल्या मंडळींनी घराजवळच प्रयत्न करावा. कन्नडचा औट्रम घाट ८ तासांच्या हिशोबात आणूच नका. तो वेगळ्या दिवशी, नुसता डोळे भरून बघायला.

समृद्धी महामार्गावर चालवता येईल का?

नाही. तिथे सायकलला आणि दुचाकीलाही बंदी आहे. पुलाखालून जा.

कोणती सायकल लागते? माझ्याकडे हायब्रीड आहे.

हायब्रीडवर २०० होतात, ८ तासांत होणं कष्टाचं. वजनापेक्षा बसण्याची ढब महत्त्वाची, हायब्रीडवर माणूस वाऱ्यासमोर शीड ताणल्यासारखा सरळ बसतो. रोड बाइकच घेत असाल तर आपल्या रस्त्यांना २३ मिलिमीटरचे टायर नको, २८ घ्या. मी मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय हवा ठेवतो. लोक ११० भरतात आणि खडबडीत डांबरावर हाडं खिळखिळी करून घेतात. जड गिअर लावून दात-ओठ खात चालवू नका, मिनिटाला ८० ते ९० फेरे पडतील असा गिअर ठेवा. गुडघे तुमचेच आहेत.

पंक्चर फार होतात. उपाय?

आपल्या भागात पंक्चर म्हणजे सराटा नाही तर बाभळ. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहील अशी देवानं त्याला रचना दिलीय. हायवेच्या कडेच्या मातीत, विशेषतः पावसाळा संपल्यावर, हे काटे वाळून पसरलेले असतात. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर सायकल घातली की मिळालाच. फोटोसाठी सायकल बांधावर नेऊ नका, उचलून न्या.

काटा निघाला तरी टायरच्या आतून बोट फिरवून बघा. एकदा मी घाईत नवी ट्यूब टाकली, पुढच्या दोन किलोमीटरवर तीही बसली, कारण मोडलेलं टोक आतच होतं. घरी दिवे बंद करून ट्यूब बदलायचा सराव करा. मला पहिल्यांदा २५ मिनिटं लागली होती, आता ७ लागतात. एक अवकाळी पाऊस पडला असेल तर काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर शिरूच नका. ती माती ब्रेकमध्ये बसली की सायकल खांद्यावर.

काय खायचं? जेल परवडत नाहीत.

परवडायची गरजच नाही. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि ती पहिल्या तासापासून, भूक लागायच्या आधी. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, सुपारीएवढ्या दोन-तीन गुळाच्या खड्यांत १५-२०. मी दर २० मिनिटांनी घड्याळाला गजर लावतो: एकदा केळं, एकदा गूळ, एकदा दशमीचा तुकडा. आईची दशमी दुधात भिजवलेल्या पिठाची, मऊ, दोन दिवस टिकणारी. कोणत्याही कंपनीच्या बारपेक्षा ती खिशात चांगली राहते. धपाटे मला प्राणप्रिय आहेत, पण त्यातला लसूण-तिखट तिसऱ्या तासानंतर छातीशी येतं. ते घरी परतल्यावर, दह्याबरोबर. मुरमुऱ्यांची सुशीला पहाटे निघायच्या आधी उत्तम, हलकी असते. शेंगदाणे थोडेच, पचायला वेळ घेतात.

न खाण्याचं फळ मी पहिल्या प्रयत्नात चाखलं. परतताना शहागडचा पूल ओलांडला आणि रस्ता लांब-लांब जायला लागला. खिशात चिक्की होती. तिचा कागद फाडता येईना. बोटं थरथरत होती, दातानं धरला तर दातही निसटला. मोटारसायकलला दुधाचे कॅन लावलेला एक जण थांबला. त्यानं माझ्या हातातून चिक्की घेतली, कागद फाडला, तोंडासमोर धरली आणि म्हणाला, "साखर उतरली बघा. आमच्या बापूला असंच होतंय." मी खाल्लेली ती सगळ्यात गोड चिक्की. त्या दिवशी पुढचं अंतर टेम्पोत.

पाणी किती प्यावं?

हिवाळ्यात तासाला अर्धा लिटरच्या आसपास, ऊन चढलं की पाऊण ते एक. पण नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट, रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं असू शकतात. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर-लिंबू. घरी करायचं तर लिटरला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटले असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त जातंय, तुम्ही थोडं वाढवा. उसाचा रस चालतो, बर्फाशिवाय.

एकट्यानं करावं की गटात?

वेग हवा असेल तर चौघांचा गट. पुढच्याच्या मागच्या चाकाशी चिकटून राहिलं की ताकद चौथाई ते तिसरा हिस्सा वाचते. पुढं राहायची पाळी एक-दोन मिनिटांची ठेवा, आणि पाळी आली की वेग वाढवून शूरपणा दाखवू नका. खड्डा दिसला की हात दाखवा, ओरडा. गटाचा तोटा एकच: चौघांचे चार वेळा थांबे. आमच्याकडे नियम आहे, एक थांबला की सगळ्यांनी मोकळं व्हायचं, लागो न लागो.

ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या मागे चिकटून चालवणारे असतात. तो ब्रेक मारतो तेव्हा आपल्याला फक्त त्याचा फाळका दिसतो. हे करू नका.

अंधारात चालवणं सुरक्षित आहे का?

पहाटेचा एक तास, समोर-मागे दिवे, अंगात चमकणारं जाकीट आणि हेल्मेट असेल तर ठीक. गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर वाढ्यांखाली झाकलेला. बैलगाड्यांची ओळ असेल तर घुंगरांचा आवाज तरी येतो. एकदा पहाटे मला वाटलं समोर अंधार जरा जास्त आहे. तो अंधार नव्हता, उभी ट्रॉली होती. तेव्हापासून पुढचा दिवा चांगल्यातला घेतला आणि पहिला तास २५ च्या वर जात नाही. ते २-३ किलोमीटर दिवसा भरून निघतात.

गावातले गतिरोधकही विनारंगाचे असतात. वस्तीची पहिली पाटी दिसली की हात ब्रेकवर. सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर वाळवण असतं, त्यावरून चाक सरकतं.

सराव किती दिवस लागतो?

आठवड्याला १०० किलोमीटर आरामात होत असतील तर १२ आठवडे धरा. मधल्या दिवशी दोनदा तासभर: एकदा हळू, एकदा दम लागेल असं. रविवारी लांब: ६०, ८०, १००, मग एक आठवडा कमी, पुन्हा १००, १२०, १५०. वेरूळची फेरी साधारण ६० ची होते आणि दौलताबादच्या पुढचा चढ तुमचं खरं-खोटं सांगतो. श्रावणातल्या शनिवारी मात्र तिकडे नको. भद्रा मारुतीला पायी निघालेल्यांनी रस्ता भरलेला असतो, आणि तो दिवस त्यांचा. रविवारच्या फेरीतही थांब्यांचा सराव करा, घड्याळ लावून. चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या.

बसायच्या जागेचं दुखणं?

पॅडची चड्डी, आत दुसरी चड्डी नाही, आणि निघण्यापूर्वी व्हॅसलीन. दर १५ मिनिटांनी दहा पेडल उभ्यानं.

कुत्री अंगावर येतात. काय करू?

सायकल पळवू नका, कुत्रीही पळतात आणि तीच जिंकतात. वेग कमी करून मोठ्यानं "हाड!" म्हणा. बाटलीतलं पाणी उडवलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

लोक विचारतात, "पेट्रोल परवडंना का?" काय उत्तर द्यायचं?

"हो" म्हणा, वेळ वाचतो. तिसऱ्या प्रयत्नात पाचोडला बाटली भरताना रसवंतीवाल्या मामांनी विचारलंच, "कुठून आला?" "गेवराईहून, सकाळी संभाजीनगरहून निघालो." "पैशे किती भेटतात?" "काहीच नाही, मामा." त्यांनी चरक थांबवला, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मग येवढं पळतो कशाला? बस, रस पी." बसलो नाही. उभ्यानंच प्यालो, पैसे घेईनात म्हणून त्यात आणखी एक मिनिट गेलं. ती ४ मिनिटं त्या ३१ मध्ये धरलेली आहेत.